नोंद सापडली तर पुस्तक सापडते : महाराष्ट्राच्या ग्रंथालय संचालनालयास बेंगळुरूहून खुले पत्र

प्रति,
ग्रंथालय संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे

ग्रंथालयाने वेबवर यायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत तीन उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर संकेतस्थळाचे : इमारतीचे छायाचित्र, उघडण्याच्या वेळा, विश्वस्तांची नावे. दुसरे स्कॅनिंगचे : जुनी पुस्तके पानापानाने टिपून संगणकात ठेवणे. तिसरे ॲपचे : वाचकाच्या मोबाइलवर ई-पुस्तके पोहोचवणे. तिन्ही उपाय बेंगळुरूत मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले आहेत. या शहराच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. वेबवर ग्रंथालयाची खरी सेवा सुरू होते ती ग्रंथाच्या नोंदीपासून. नोंद नीट नसेल तर लाखो पाने स्कॅन होऊनही वाचकाच्या हाती लागत नाहीत. नोंद नीट असेल तर एका तालुक्याच्या वाचनालयातले एकुलते एक पुस्तकही जगात कुठूनही सापडते. मराठी ग्रंथालयांसाठी हा धडा अधिकच महत्त्वाचा आहे, कारण मराठी नोंदीच्या अडचणी मराठीच्या स्वतःच्या आहेत आणि त्या दुसरे कोणी सोडवून देणार नाही.

बेंगळुरूचा दाखला देण्याला कारण आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी आयुष्याचा अखेरचा काळ याच शहरात घालवला आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी ते इथेच वारले. १९६२ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली इथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांचा गाभा असा, की पुस्तके वापरासाठी असतात, वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे काम असते, आणि त्यात वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ ची. प्रत्येक विषय पाच मूलभूत पैलूंतून पाहायचा आणि त्या पैलूंच्या जोडणीतून पुस्तकाची जागा ठरवायची, ही तिची कल्पना. आज एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर ग्राहक किंमत, रंग, आकार, कंपनी अशा खुणा निवडत हजारो वस्तूंमधून हवी ती गाठतो. त्यामागचा विचार रंगनाथनांनी कागदी कार्डांच्या काळातच ग्रंथांसाठी मांडला होता. बाजाराने तो उचलला. मराठी सार्वजनिक ग्रंथालयांच्या तालिकेत मात्र लेखक, काळ, प्रकाशनस्थळ, साहित्यप्रकार यांवरून असे चाळत जाणे अजूनही दुर्मीळ आहे.

याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये आपल्या संशोधकांचे लेख खुलेपणाने वेबवर ठेवणारे भांडार सुरू केले. देशातल्या संस्थांच्या अशा भांडारांत ते पहिले मानले जाते. सुमारे त्याच काळात त्या संस्थेतले एन. बालकृष्णन आणि अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ आकाराला आली. देशभरच्या केंद्रांवर स्कॅनर बसले आणि अनेक भारतीय भाषांतली पुस्तके त्यांखालून गेली. पुढे या संग्रहाने पाच लाख पुस्तकांचा टप्पा ओलांडला. त्यात मराठीही पुष्कळ होती : चरित्रे, बखरी, नाटके, मासिकांचे बांधीव अंक.

हा प्रयत्न मोठा होता, आणि आज जे काही जुने मराठी छापील साहित्य वेबवर सहज मिळते त्यातले बरेच या प्रयत्नाचे देणे आहे. पण त्याचा वापर करताना वाचक दोन ठिकाणी अडखळत. एक तर पुस्तक एकसंध उघडत नसे. प्रत्येक पान स्वतंत्र चित्र असे आणि ते पाहण्यासाठी संगणकात वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागे. दुसरी अडचण अधिक खोल होती. भारतीय भाषांतल्या पुस्तकांची नावे रोमन लिपीत, कोणत्याही ठरलेल्या लिप्यंतराविना, टंकलेखकाला जशी सुचली तशी लिहिली गेली होती. मराठीत त्याचा परिणाम असा, की ऱ्हस्व-दीर्घ गेले, ळ आणि ल एक झाले, ण आणि न एक झाले, अनुस्वार कधी एका अक्षराने तर कधी दुसऱ्याने दाखवला गेला. एकाच लेखकाचे नाव अनेक रूपांत विखुरले. देवनागरीत शोध घेणाऱ्याला काहीच मिळत नसे, आणि रोमन लिपीत शोधणाऱ्याला टंकलेखकाच्या मनात काय आले असेल याचा अंदाज बांधावा लागे. पुस्तक होते, पण त्याचे दार कुठे आहे ते सांगणारी पाटी पुसट होती.

कन्नड वाचकांनी या अडचणीवर जो उपाय केला, तो प्रत्येक मराठी कार्यकारी मंडळाने समजून घ्यावा असा आहे. बेंगळुरूतल्या काही तंत्रज्ञ-वाचकांनी ‘समूह संचय’ नावाची सोय तयार केली. त्या संग्रहातल्या कन्नड पुस्तकांची रोमन नावे पडद्यावर येत आणि स्वयंसेवक ती कन्नड लिपीत पुन्हा लिहीत. कोणी घरून, कोणी कार्यालयातून आल्यावर, कोणी पाच नावे तर कोणी पाचशे. त्या कामातून ‘पुस्तक संचय’ ही कन्नडमध्ये शोधता येणारी सूची उभी राहिली. एकही नवे पान स्कॅन झाले नाही, एकही नवे पुस्तक विकत घेतले गेले नाही. फक्त नोंदी सुधारल्या, आणि हजारो पुस्तके सापडू लागली. पुढे याच वर्तुळातून ‘सर्व्हंट्स ऑफ नॉलेज’ हा उपक्रम निघाला आणि बेंगळुरूत स्कॅन केलेली पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर जाऊ लागली. हे नाव ऐकताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ची आठवण होते. पुण्यातल्या १९३० च्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपली जुनी, स्वामित्वमुक्त पुस्तके वेबवर सर्वांना खुली केली आहेत. महाराष्ट्रात हे होऊ शकत नाही, असे म्हणायला जागा नाही. प्रश्न आहे तो एका संस्थेकडून हजारो ग्रंथालयांकडे जाण्याचा.

मराठी नोंदीच्या अडचणी तपशिलाने पाहिल्याशिवाय या कामाचा आवाका लक्षात येत नाही.

पहिली अडचण फाँटची. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही अनेक ग्रंथालयांनी आपल्या याद्या संगणकावर घेतल्या त्या जुन्या मराठी फाँटांत. त्या पद्धतीत पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर यादी उघडली की निरर्थक खुणांची रांग दिसते. शोधयंत्राला त्यातले काहीही वाचता येत नाही. अशा याद्या युनिकोडमध्ये आणून देणारी साधने उपलब्ध आहेत. जुनी यादी टाकून सगळे पुन्हा टंकायला घेणे हा श्रमांचा अपव्यय ठरतो.

दुसरी अडचण युनिकोडच्या आतली आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले जाई, आणि काही कळफलकांवर त्याच्या जागी हिंदीतले ‘ऍ’ येई. आजही तिन्ही प्रकार चालू आहेत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो : टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ग्रंथपालाला चूक दिसत नाही. शोध मात्र चुकतो. याला उपाय एकच : नोंद साठवण्यापूर्वी अशी सगळी रूपे आपोआप एका ठरलेल्या रूपात आणणारा नियम प्रणालीतच बसवणे. वाचकाने शोधासाठी टंकलेला शब्दही त्याच नियमातून गेला पाहिजे. हे काम एकदा, राज्यपातळीवर करायचे आहे. प्रत्येक वाचनालयाने ते स्वतंत्रपणे करण्याची गरज नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये.

तिसरी अडचण लेखनाच्या नियमांची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून रूढ झाले आणि त्याआधीचे अनुच्चारित अनुस्वार गेले. पण त्याआधीच्या दीडशे वर्षांतल्या मुखपृष्ठांवर ते आहेतच. वि. का. राजवाड्यांच्या खंडांचे नाव मूळ छपाईत ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे आहे. आजचा विद्यार्थी ‘साधने’ शोधणार. ताराबाई शिंदे यांचे १८८२ चे पुस्तक कुठे ‘स्त्रीपुरुषतुलना’ असे सलग, कुठे संयोगचिन्ह घालून, कुठे तोडून लिहिलेले सापडते. नोंद करताना मूळ रूप जसेच्या तसे जपायचे आणि शोधासाठी आजचे रूप शेजारी जोडायचे, हाच मार्ग योग्य. मूळ रूप ‘दुरुस्त’ करून टाकणे ही ग्रंथेतिहासाची हानी आहे, आणि ती नकळत वारंवार होते.

चौथी अडचण नावांची, आणि मराठीत ती फारच गुंतागुंतीची आहे. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी ही एकच व्यक्ती. ‘कळ्यांचे निःश्वास’च्या लेखिका विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि लग्नापूर्वीच्या बाळूताई खरे. पु. ल. देशपांडे यांचे नाव तर आद्याक्षरांमधल्या जागा आणि टिंबे बदलली तरी संगणकाला वेगळे वाटते. ग्रंथालयशास्त्रात यासाठी अधिकृत नामनोंद असते : एका व्यक्तीला एक ओळखक्रमांक, आणि त्याखाली तिची सगळी नावे. आता ही व्यवस्था वेबवर सर्वांना मिळून चालवता येते. जगातली राष्ट्रीय ग्रंथालये आपल्या नामनोंदी एकमेकांशी जोडतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटावर कोणीही मराठी लेखकाची अशी नोंद करू शकतो. जिल्ह्यातल्या विस्मृतीत गेलेल्या कवीची, स्थानिक इतिहासकाराची, वर्तमानपत्राच्या संपादकाची नोंद त्या जिल्ह्याच्या ग्रंथपालाइतकी अचूक दुसरा कोणी करू शकणार नाही. ग्रंथपालाचे ज्ञान इथे थेट जगाच्या उपयोगी पडते.

मराठीला हे काम अगदी नव्याने सुरू करायचे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. विषयवार रचना आणि लेखक-ग्रंथांची माहिती यांमुळे ती अभ्यासकांना आजही लागते. तिचे स्कॅन वेबवर असणे पुरेसे नाही. तिच्यातली प्रत्येक नोंद सुटी होऊन, शोधता येण्याजोगी होऊन, तिला स्वतःचा कायमचा वेबपत्ता मिळाला तर ती मराठी ग्रंथांची पायाभूत सूची बनेल. मग ग्रंथालयांना जुन्या पुस्तकांची नोंद नव्याने लिहावी लागणार नाही. दाते सूचीतली नोंद निवडायची आणि ‘ही प्रत आमच्याकडे आहे’ एवढे जोडायचे.

नोंद एकदा करून सर्वांनी वापरायची, हा वेबचा ग्रंथालयांना झालेला सर्वांत मोठा फायदा आहे. ‘मृत्युंजय’ किंवा ‘श्यामची आई’ राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाचनालयात असणार. ती नोंद हजारो वेळा टंकणे हे हजारो माणसांच्या वेळेचे नुकसान आहे. जगातली मोठी ग्रंथालये गेली पन्नास वर्षे एकमेकांच्या नोंदी उतरवून घेतात. त्यासाठी लागणारी प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये जुनी प्रणाली २००० सालात बंद पडेल या भीतीने नवी करून घेतली आणि ती सर्वांना मोफत दिली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ देणगी. आज जगभरची हजारो ग्रंथालये ती वापरतात आणि तिचा पडदा मराठीत आणता येतो. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही सरकारी यंत्रणेतून मिळते. दोन्हींपैकी कोणती निवडावी हा वाद दुय्यम आहे. नोंदी प्रमाण स्वरूपात हव्यात आणि एका प्रणालीतून दुसरीत नेता आल्या पाहिजेत, ही अट मात्र सोडता कामा नये. एखाद्या खासगी पुरवठादाराच्या बंद प्रणालीत अडकलेली यादी करार संपताच हातची जाते.

इथे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. कर्नाटकचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा. त्यानुसार मालमत्ता करावर रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर बसतो आणि शहरांतली ग्रंथालये सरकारी विभाग चालवतो. कब्बन पार्कमधल्या शेषाद्री अय्यर स्मारक इमारतीतले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्याच व्यवस्थेचा भाग आहे. सरकारच चालक असल्याने २०२० मध्ये कर्नाटकला राज्यभरासाठी एकच डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय मोफत सभासदत्वासह सुरू करता आले आणि टाळेबंदीत विद्यार्थ्यांना त्याचा आधार झाला. ग्रामपंचायतींची ग्रंथालये २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाकडे गेली. आता ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञानकेंद्र, या नावाने ती पुस्तकांबरोबर संगणक आणि इंटरनेट जोडणीही गावात आणत आहेत.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. इथली सार्वजनिक ग्रंथालये लोकांनी स्थापलेल्या संस्था आहेत आणि सरकार त्यांना वर्गवारीनुसार अनुदान देते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. ही परंपरा सरकारी खात्यापेक्षा जुनी आहे आणि तिचा अभिमान योग्यच आहे. पण २०२२ च्या साठ टक्के वाढीनंतरही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ४८,००० रुपयेच झाले. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, नवी पुस्तके, वर्तमानपत्रे आणि विजेचे बिल. अशा वाचनालयाला स्वतःचा सर्व्हर चालवा, स्वतःची तालिका वेबवर आणा असे सांगणे अन्याय्य आहे. म्हणून महाराष्ट्राला एकच ॲप असून भागणार नाही, आणि प्रत्येक वाचनालयाचे वेगळे संकेतस्थळही परवडणार नाही. राज्याने चालवलेली एक सामायिक तालिका आणि तिच्यात प्रत्येक वाचनालयाची आपली खोली, अशी रचना इथल्या व्यवस्थेला साजेशी आहे. वाचनालयाची स्वायत्तता अबाधित राहते आणि यंत्राचा भार राज्य उचलते.

तालिका झाली की बाकीच्या सेवा तिच्यावर उभ्या राहतात. पुस्तक देवघेवीवर आहे की कपाटात, हे वाचकाला घरून दिसते. मागणी नोंदवता येते. मुदत संपत आल्याची सूचना मोबाइलवर जाते. शेजारच्या तालुक्यातले पुस्तक मागवता येते. नवीन दाखल पुस्तकांची यादी वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते. २००५ च्या सुमारास जगभर ‘लायब्ररी टू पॉइंट झिरो’ची चर्चा झाली, तिचा आग्रह वाचकाने तालिकेत भर घालावी असा होता. आपल्याकडे त्याचा सर्वांत चांगला उपयोग दिवाळी अंकांसाठी होईल. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ही परंपरा ग्रंथालयांत गठ्ठ्यांनी पडून आहे, पण कोणत्या अंकात कोणाची कथा आहे हे सांगणारी सूची तुरळक ठिकाणीच सापडते. अनुक्रमणिकेचे छायाचित्र काढून त्यातल्या नोंदी टंकणे हे घरबसल्या करण्याजोगे काम आहे. निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी ते आनंदाने करतील, फक्त त्यांच्यापुढे ते ठेवले पाहिजे.

स्वामित्वहक्काबद्दल कार्यकारी मंडळांत दोन टोकांच्या समजुती आहेत : काहींना सगळेच स्कॅन करून टाकता येते असे वाटते, तर काहींना काहीच करता येत नाही असे. कायदा स्पष्ट आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे त्या आधी प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचे लेखन २०३० च्या आरंभी मुक्त होईल. दिवाळी अंकात प्रत्येक लेखाचा हिशेब वेगळा. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ती वेबवर सर्वांना वाटण्याची मुभा मात्र नाही. भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयीन वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. आणि नोंदीवर यांपैकी काहीच बंधन नाही. पुस्तक हक्कात असले तरी त्याची संपूर्ण नोंद वेबवर आज ठेवता येते. स्कॅनिंगआधी नोंद घ्यावी, याचे हे आणखी एक भक्कम कारण.

अंध वाचकांसाठी कायदा अधिक उदार आहे. अंधांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याची मुभा देणारा मराकेश करार स्वीकारणाऱ्या देशांत भारत २०१४ मध्ये पहिला ठरला, आणि २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ चालू आहे. पण पानाचे नुसते चित्र वाचकयंत्राला वाचता येत नाही. त्यामागे अक्षररूप मजकूर लागतो. मराठी छपाईतून मजकूर ओळखणारी साधने आता बरीच सुधारली आहेत. शिळाप्रेसवरची पुस्तके त्यांना अजून कठीण जातात, आणि तिथे माणसाचीच नजर लागते.

वाचकाने काय वाचले याची नोंद ही कागदी वहीत असताना फारशी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नसे. वेबवर ती कायम राहते, जुळवता येते, विकताही येते. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानंतर ही केवळ सदिच्छेची बाब राहिलेली नाही. पुस्तक परत आले की वाचकाच्या नावाशी असलेला त्याचा दुवा पुसून टाकणे ही प्रणालीची मूळ रीत असावी, आणि ई-पुस्तकांच्या पुरवठादारांशी होणाऱ्या करारात ती अट लिहिलेली असावी.

संवाद करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता विद्यार्थ्यांच्या हातात आहेत. ती विचारलेल्या विषयावर पुस्तकांची यादी झटकन देतात, आणि त्या यादीत कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके असतात. मराठीत हा धोका जास्त, कारण वेबवर विश्वासार्ह मराठी ग्रंथनोंदी कमी आहेत. विद्यार्थी यादी घेऊन वाचनालयात येतो तेव्हा ग्रंथपालाला पडताळून सांगता आले पाहिजे : हे पुस्तक आहे, या साली आले, इथे मिळेल, आणि हे पुस्तक कधी लिहिलेच गेले नाही. असा निर्वाळा सामायिक तालिकेच्या बळावरच देता येतो.

जतनाचा धडाही बेंगळुरूच्या त्याच संग्रहाने दिला. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे मूळ संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी बंद झाले. तोवर त्यातली बरीच पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर उतरवली गेली होती, म्हणून ती आज वाचता येतात. संचालनालयाने उभी केलेली तालिका आणि स्कॅन यांच्या प्रती निदान तीन ठिकाणी, त्यातली एक राज्याबाहेर, ठेवाव्यात. खरगपूर आयआयटीच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाला नोंदी आपोआप घेता येतील अशी सोय पहिल्या दिवसापासून असावी.

संचालनालयाच्या हाती यासाठी एक साधन आधीच आहे. अनुदानासाठी प्रत्येक ग्रंथालय दरवर्षी अहवाल पाठवते : ग्रंथसंख्या, सभासद, देवघेव, नियतकालिके. त्यात ग्रंथांची संख्या येते, ग्रंथ येत नाहीत. त्या अहवालासोबत वर्षभरात दाखल झालेल्या पुस्तकांच्या नोंदींची फाइल ठरलेल्या नमुन्यात मागावी. त्या कामाचे मानधन अनुदानाव्यतिरिक्त द्यावे आणि तपासनीसांना ती तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे. बेंगळुरूच्या प्रलेखन केंद्रासारख्या संस्थांशी करार करून नामनोंदी आणि लेखनरूपांचे नियम तयार करून घ्यावेत.

ही तालिका राज्याच्या सीमेवर थांबू नये. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे आणि त्याची कपाटे मराठी पुस्तकांनी भरलेली आहेत. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांच्याकरवी उभ्या केलेल्या बडोद्याच्या ग्रंथालयात, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, तंजावरच्या सरस्वती महालात, इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाचनालयांत आणि बेंगळुरूसारख्या शहरांतल्या मराठी घरांच्या माळ्यांवर जे मराठी आहे, ते महाराष्ट्राच्या कोणत्याही गणनेत येत नाही. यांपैकी कोणालाही अनुदान न देता नोंद जोडण्याची मुभा देता येते.

कामाचा क्रम साधा असावा. एप्रिलपासून दाखल होणाऱ्या नव्या पुस्तकांची नोंद सामायिक तालिकेतच व्हावी. त्याच वेळी १९५० पूर्वीची पुस्तके वेगळ्या कपाटात काढून त्यांच्या मुखपृष्ठाचे आणि मुद्रकाचा पत्ता असलेल्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यांची नोंद दाते सूचीशी ताडावी. सूचीत न सापडणारे पुस्तक बाजूला ठेवावे. त्याची नोंद सर्वांत आधी वेबवर जावी, कारण त्याची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल.

बेंगळुरूतील एक मराठी वाचक